सुट्टी संपली, सगळे परत गेले आणि आता मोठा शाळेत जायलाच तयार नाही

अंजर्ल्याची_सून (६ जानेवारी, रात्री ११:४०)

नमस्कार, खूप दिवसांनी लिहितेय. आधीच सांगते, लांबलचक होणार आहे, दिवसभर कुणाशी धड बोलणं होत नाही आणि डोकं अगदी भरून आलंय.

आम्ही अंजर्ल्यात राहतो, सासरचं घर, आंब्याची बाग, थोडी सुपारी आणि मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. मोठा सव्वापाच वर्षांचा आहे, सीनिअर केजीला, आणि धाकटी मार्चमध्ये दोन वर्षांची होईल. नाताळच्या सुट्टीत डोंबिवलीहून मोठे दीर-जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं आली होती, २४ ला आली ती १ तारखेला गेली. ते आठ दिवस मुलांनी नुसता धुमाकूळ घातला, सकाळी उठलं की समुद्र, दुपारी बागेत, संध्याकाळी परत समुद्र, एकदा हर्णैला मासळीचा लिलाव बघायला, एकदा कड्यावरच्या गणपतीला पायऱ्या चढून. त्याच आठ दिवसांत आमच्या दोन्ही खोल्या फुल, मी चुलीपुढून हलले नाही, मुलं काय खातात कधी झोपतात कोण बघणार. रात्री पर्यटकांचं बारा-बारापर्यंत चालायचं आणि ही चौघं पडवीत जागीच. हातात कुणाचा ना कुणाचा मोबाईल.

१ तारखेला सगळ्यांना सोडायला खेड स्टेशनला गेलो, मोठ्याला पण नेलं. गाडी सुटली आणि तो जो रडायला लागला तो दापोली येईपर्यंत रडतच होता.

शुक्रवारी २ तारखेला शाळा. पोट दुखतं म्हणाला, नाही पाठवलं. सोमवारी रिक्षात बसायलाच तयार नाही, खांबाला मिठी मारून उभा. आज कसंबसं नेऊन सोडलं तर तासाभरात बाईंचा फोन, रडून रडून उलटी झाली, घेऊन जा. हा मुलगा जून ते डिसेंबर एकदाही शाळेला नको म्हणाला नव्हता हो. घरी आला की मात्र बरा असतो, बेड्याजवळच्या गडग्यावर (फाटकाजवळच्या दगडी कुंपणावर) जाऊन बसतो आणि तिथून उठत नाही, जेवायला पण तिथेच दे म्हणतो. रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागा (आत्ता आत्ता झोपलाय म्हणून लिहितेय), सकाळी साडेआठ वाजले तरी उठत नाही. शाळा नऊची.

त्यात धाकटीला चार दिवस खोकला, रात्री जास्त. ह्यांची मोहोरावरची फवारणी चालू आहे, पहाटे बागेत जातात ते दुपारी घरी. सासूबाई म्हणतात रडू दे दोन दिवस, आपोआप गप्प होईल, तुम्हीच लाडावून ठेवलाय. आणि तो रडायला लागला की त्याच त्याला चहा-खारी देतात. त्यांच्याशी वाद नको वाटतो पण मनात साचत चाललंय.

काय करू? आठवडाभर शाळा राहू दे का? की रडला तरी पाठवत राहू? कुणाच्या मुलांना सुट्टीनंतर असं झालंय का, प्लीज सांगा.

पेणची_पोर (६ जानेवारी, रात्री ११:५८)

अगं सेम सेम. माझी पण २ तारखेपासून रात्री घुबडासारखी जागी. उत्तर माझ्याकडे नाही पण तू एकटी नाहीयेस एवढंच सांगायला लिहिलं.

देवरुखचा_बाबा (७ जानेवारी, सकाळी ६:५०)

ताई, झोपेचं आधी सांगतो, कारण माझ्या मुलीचं दिवाळीच्या सुट्टीनंतर अगदी असंच झालं होतं आणि आम्ही पहिले दहा दिवस चुकीच्या टोकाला धरून बसलो होतो. आम्ही रोज रात्री नऊला दिवे घालवून तिला झोप झोप करत राहायचो, ती जागी, आम्ही चिडलेलो, शेवटी रडारड आणि अकरा वाजायचेच. झोप आलेली नसताना मूल झोपवता येत नाही. उठवता मात्र येतं. म्हणून सुरुवात सकाळपासून करा.

आज साडेआठला उठतोय ना, मग उद्या सव्वाआठ, परवा आठ, रोज पाव तास आधी. रात्री किती वाजता झोपला ते अजिबात बघायचं नाही, उठवायची वेळ ती उठवायची वेळ. आणि उठला की पाच मिनिटांत अंगणात उजेडात न्यायचं, तोंड धुणं दूध वगैरे सगळं बाहेरच. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ लवकरच्या वेळेकडे सरकतं, घरातल्या ट्यूबने तेवढं होत नाही. एक गोष्ट लक्षात असू द्या, जानेवारीत आपल्याकडे वर्षातला सगळ्यात उशिराचा सूर्योदय असतो, सव्वासात होतात सूर्य वर यायला, त्यामुळे साडेसहाला अंधारात उठवून काही उपयोग नाही, उगाच थंडीत कुडकुडेल. साडेसात पुरे, शाळा नऊचीच आहे.

ह्या वयाला (तीन ते पाच) चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. तुमचा साडेअकरा ते साडेआठ म्हणजे नऊच तास झोपतोय, दुपारी दोन तास काढत असेल तर गणित जुळतं पण मग रात्री झोप येणार कुठून. दुपारची एकदम बंद नका करू, पाऊण तासात उठवा आणि तीननंतर झोपू देऊ नका. मोबाईल-टीव्ही संध्याकाळी जेवणाआधीच बंद. आणि चहा, ताई, चहा खरंच काढा, त्यातलं कॅफिन लहान मुलाच्या अंगात मोठ्यांपेक्षा जास्त जाणवतं, पाच वाजता अर्धा कप प्यायला तर रात्री डोळे उघडेच. आईंना वाईट वाटू नये म्हणून आमच्याकडे काय केलं, त्याच कपबशीत आजी स्वतः हळद-दूध द्यायला लागली. कप तोच, आजी तीच, बशीतून फुर्र करून पिणं तेच. मुलीने दोन दिवस तोंड वाकडं केलं आणि मग तिला कळलं पण नाही.

आम्हाला नऊ दिवस लागले पूर्ण रुळावर यायला. पहिले चार दिवस काहीच फरक दिसत नाही, तेव्हा सोडू नका.

बालवाडीताई (७ जानेवारी, दुपारी १:३०)

मी रत्नागिरीजवळ बालवाडी चालवते, एकवीस वर्षं झाली. जानेवारीचा पहिला आठवडा आणि जूनचा पहिला आठवडा आम्हाला सारखाच असतो, जून-जुलैत रुळलेली मुलं पण परत रडतात, त्यामुळे तुझ्या मुलाचं काहीतरी बिघडलंय असं आधी मनातून काढून टाक.

शाळा आठवडाभर बंद ठेवू नकोस. जेवढे दिवस घरी राहील तेवढं परत जाणं अवघड होतं, हे मी दरवर्षी बघते. बाईंशी बोल आणि पहिले तीन-चार दिवस दीड तासच ठेव, डबा खाऊन घरी. दीड तास म्हणजे दीड तास, तो रडला म्हणून लवकर नाही आणि छान खेळतोय म्हणून उशिरा पण नाही. सोडताना दारात रेंगाळू नको, पाठ वळली की हळूच पळून पण जाऊ नको. पळून गेलेली आई मुलाला दुसऱ्या दिवशी हातच सोडू देत नाही. "मी जाते, डबा झाला, हात धुतले की मी दारात" इतकंच सांगायचं आणि निघायचं, आणि खरंच त्या वेळेला दारात असायचं. घड्याळ त्याला कळत नाही पण डबा कळतो.

पण मला तुझ्या लिहिण्यातली दुसरीच एक गोष्ट टोचली म्हणून विचारते. तो बेड्याजवळ गडग्यावर जाऊन का बसतो? जेवायला पण उठत नाही म्हणतेस. कुणाची वाट बघतोय का तो? चुलत भावंडं परत कधी येणार असं त्याला घरात कुणी काय सांगितलंय?

अंजर्ल्याची_सून (७ जानेवारी, दुपारी २:२०)

ताई तुमचं वाचलं आणि हातातलं काम टाकून बसले.

खेडहून येताना तो गप्पच होईना तेव्हा मीच म्हटलं होतं, रडू नको राजा, उद्या येतील ते परत. दुसऱ्या दिवशी सासूबाई पण म्हणाल्या, उद्या येतील हो. ह्यांनी पण म्हटलं असणार. गेले सहा दिवस आम्ही तिघंही त्याला रोज उद्या उद्याच सांगतोय, रडणं थांबतं म्हणून.

आत्ता त्याच्या शेजारी गडग्यावर जाऊन बसले आणि विचारलं, तू शाळेत का नाही जात रे. म्हणाला, मी शाळेत असताना ते आले आणि मी नसलो तर ते परत जातील.

मला काय बोलावं सुचेना. पोटाबिटात काही नव्हतं त्याच्या, तो राखण करत होता. आता खरं सांगू कसं? अजून रडेल ना?

बालवाडीताई (७ जानेवारी, दुपारी ३:०५)

रडेल. आज खूप रडेल. पण ते रडणं संपणारं आहे, उद्याचं रडणं रोज नवीन असतं. आजच सांग, संध्याकाळी उजेड असताना, झोपायच्या वेळी नको. आणि "आमचं चुकलं, आम्ही तुला उद्या म्हणालो ते खरं नव्हतं" हे तुझ्या तोंडून येऊ दे. पाच वर्षांच्या मुलाला ते कळतं. मग ते खरंच कधी येणार आहेत ते नक्की करून सांग, दिरांना फोन करून आधी विचार. नक्की नसेल तर नक्की नाही असंच सांग.

त्यांनी मिळून गोळा केलेलं काही आहे का घरात, शिंपले वगैरे? एक खिशात ठेवून शाळेत जाऊ दे. बाईंना आधी सांगून ठेव नाहीतर त्या काढून घेतील.

वेंगुर्ल्याची_मावशी (७ जानेवारी, रात्री ८:१५)

गो बाय, तुझो झील आजारी नाय हा, तेका घर रिकामा लागता. माका वाचून रडूच इला.

मी आता सत्तरीची, चारही मुलं बाहेर, दोन मुंबईत, एक पुण्यात, मुलगी गोव्यात. आपल्या कोकणातल्या घरांना ही सवयच करून घ्यावी लागते, गणपतीला घर भरतं, शिमग्याला भरतं, मे महिन्यात ओटीवर झोपायला जागा नसते आणि आता हे नाताळचं नवीन, आणि मग एका दिवसात सगळी जातात आणि न्हाणीघरातली बादली सुद्धा जागच्या जागी दिसते. मोठ्या माणसांना कामं असतात म्हणून आम्ही कामात डोकं घालतो. पोर कुठे घालणार? माझ्या धाकट्याने लहानपणी आत्याची मुलं गेल्यावर त्यांच्या चादरीची घडी करू दिली नव्हती आठ दिवस, त्यांच्या वासाची आहे म्हणायचा. मी ओरडले होते त्याला. आज चाळीस वर्षांनी मला ते आठवतं आणि वाईट वाटतं.

तुझ्या सासूबाईंबद्दल एक सांगते, राग मानू नकोस. त्यांचा पण मुलगा, सून, दोन नातवंडं गेलीत त्या गाडीतून. त्या रडू दे म्हणतात आणि मग त्याच चहा देतात, कारण त्यांना त्याचं रडणं ऐकवत नाही, त्यांचं स्वतःचं आत दाबलेलं असतं. त्यांना बाजूला बसवून विचार की एकदा, तुम्हाला करमतं का म्हणून. आणि मुलाला झोपवायचं काम त्यांना दे. दिवे बारीक करून आजीने पाठीवर हात फिरवत गोष्ट सांगायची, रोज तीच एक. दोघांचं पण भागेल.

आता दिवस मोजायचं. पोरांना महिना कळत नाही पण रविवार कळतो. यंदा होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे, येत्या ११ तारखेपासून धरलं तर मध्ये बरोब्बर आठ रविवार. तुमच्याकडे शिमग्याला पालखी घरी येते ना, मुंबईकर येतातच तेव्हा. कालनिर्णय भिंतीवरून खाली त्याच्या हाताला येईल असं लाव आणि दर रविवारी त्याला एक फुली मारू दे. आणि व्हिडिओ कॉल झोपताना नको हां, संध्याकाळी पाच-साडेपाचला कर. झोपताना केलास तर फोन ठेवला की परत तीच खेडची गाडी सुटते.

दापोली_आरोग्य (७ जानेवारी, रात्री १०:१०)

धाकटीच्या खोकल्यावर कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, मी आरोग्य सेविका आहे.

दुकानातून कफ सिरप आणून देऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली आहे की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांच्या आत पण सहसा नकोत. सुट्टीत चार गावचे लोक एकत्र आले की हा साधा सर्दीचा व्हायरस फिरतोच, खोकला दोन आठवडेसुद्धा रेंगाळतो. कोमट पाणी, पातळ पेज, मऊ मेतकूट भात थोडा थोडा करून, आणि एक वर्ष पूर्ण झालेलं असल्यामुळे झोपताना अर्धा चमचा मध चालेल (वर्षाच्या आत मध अजिबात नाही). ओव्याची, वेखंडाची धुरी नको, धूर म्हणजे धूर, त्याने खोकला वाढतो. कापूर लावलेलं काही छातीला-नाकाला चोळू नका, दोन वर्षांच्या आत ते धोक्याचं आहे.

फवारणीचं महत्त्वाचं. तुडतुड्यासाठी (मोहोरावरच्या किडीसाठी) जे मारतात ते विषच आहे. बाबा बागेतून आले की मुलीने धावत जाऊन मिठी मारण्याआधी त्यांनी बाहेरच्या बाहेर आंघोळ करायची, कपडे वेगळ्या बादलीत, घरच्या कपड्यात मिसळायचे नाहीत. घराजवळच्या कलमांवर फवारणी असेल त्या सकाळी दारं-खिडक्या बंद आणि मुलं लांब. रिकामे डबे-बाटल्या पाण्याला वापरायच्या नाहीत हे तुम्हाला माहीत असेलच.

आणि हे लक्षात ठेवा, ती शांत झोपलेली असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, किंवा पाणी-दूध घेईनाशी झाली तर घरचे उपाय बंद, लगेच डॉक्टर, रात्र असली तरी.

पेणची_पोर (७ जानेवारी, रात्री १०:२५)

मध आणि श्वास मोजायचं स्क्रीनशॉट घेतला. देवरुखच्या दादांचं पाव तासाचं पण उद्यापासून चालू.

अंजर्ल्याची_सून (१२ जानेवारी, रात्री ९:२०)

आज वेळेत लिहितेय कारण मोठा झोपलाय! नऊला दहा मिनिटं होती.

त्या दिवशी संध्याकाळी गडग्यावरच बसून सांगितलं. दिरांना आधी फोन केला होता, ते शिमग्याला नक्की येणार, रिझर्वेशनचं बघतायत. मी म्हटलं, उद्या येतील हे आम्ही खोटं बोललो, आमचं चुकलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग असा रडला की समोरच्या काकू धावत आल्या. पाऊण तास. मी नुसती धरून बसले. मग स्वतःच उठून घरात गेला आणि भूक लागली म्हणाला. त्या दिवसानंतर गडग्यावर बसलेला नाही.

शाळेत गुरुवारी रडला, शुक्रवारी फक्त दारात, आज रडला नाही पण माझा पदर जरा वेळ धरून ठेवला होता. खिशात पांढरा शिंपला आहे, बाईंना सांगितलंय. दीड तासाचा आता अडीच केलाय. उठायचं साडेसातवर आलंय, मधे शनिवारी एकदम घसरलं कारण खोल्यांना पाहुणे होते आणि परत साडेदहा वाजले. ह्यापुढे शनिवारी मुलांना मागच्या बाजूला जाऊ द्यायचं नाही असं ठरवलंय, धंदा आहे पण बघू.

मावशी, तुमचं ऐकून सासूबाईंना विचारलं. आधी काही नाही म्हणाल्या, मग सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, धाकट्या नातवाने जाताना मागे वळून बघितलंच नाही गं. एवढंच. आता त्याच झोपवतात ह्याला. चहाच्या कपात हळद-दूध त्यांनीच सुरू केलं, मी काही बोलले पण नाही, देवरुखच्या दादांचं वाचून दाखवलं होतं फक्त.

धाकटीचा खोकला कमी आहे, श्वास मोजले, तीस-बत्तीस येतात. हे आता विहिरीजवळच आंघोळ करून येतात.

काल पहिला रविवार झाला, त्याने कालनिर्णयावर एवढी मोठी फुली मारली की खालचा सोमवार पण गेला त्यात.

अजून एक विचारायचं होतं, परवा संक्रांत, धाकटीचं बोरन्हाण गेल्या वर्षी राहिलं होतं ते ह्या वर्षी करायचंय, वाडीतली दहा-बारा मुलं येतील, मोठ्याला पण मजा वाटेल. बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, हलवा, शेंगदाणे आणलेत. दोन वर्षांच्या आतलीला ह्यातलं काय चालेल?

दापोली_आरोग्य (१२ जानेवारी, रात्री १०:०५)

तीस-बत्तीस छान आहे. बोरन्हाणाला डोक्यावरून फक्त चुरमुरे ओता. बोरं, शेंगदाणे, हलवा, गोळ्या, उसाचे तुकडे हे सगळं ह्या वयात श्वासनलिकेत अडकू शकतं आणि खाली पडलेलं ती तोंडात घालणारच. बोरं-ऊस मोठ्या मुलांच्या हातात खाऊ म्हणून द्या, तेही अंगणात, बसून. आणि चुरमुरे उचलून झाल्यावर सतरंजी झटकून घ्या, एखादा शेंगदाणा राहतो.

अंजर्ल्याची_सून (१२ जानेवारी, रात्री १०:१२)

बरं झालं विचारलं. शेंगदाणे लाडवाला वापरते. चुरमुरे ओतायचं काम मोठ्याला देणार आहे, त्याने आत्ताच विचारून ठेवलंय की डोंबिवलीला फोन लावून दाखवशील ना म्हणून. साडेपाचला लावते.